डावीकडून तिसरे

प्रत्येक घराण्यात एक फोटोवाले काका असतात. मुंज असो, बारसं असो की तेरावं, ते येतात ते काखोटीला अल्बम मारूनच. काळी जाड पानं, फोटोंच्या चार कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण, मध्ये फाटका पातळ कागद. पंगत उठली की काका एखाद्या नव्या जावयाला गाठतात. नवा एवढ्यासाठी की जुने तोवर पान आणायला बाहेर पडलेले असतात.

"हे डावीकडून तिसरे, आमचे खापरपणजोबा. पेशव्यांच्या दफ्तरात होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच्या आदल्या वर्षीचा हा फोटो."

एकदा कॉलेजातली एक नात म्हणाली, "आजोबा, फोटोची कला जगासमोर आली तीच १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ला."

काका जराही अडखळले नाहीत. "म्हणूनच तर दुर्मीळ!"

फोटोतले सगळे पुरुष करारी. काकांच्या मते तो घराण्याचा स्वभाव. खरं तर तेव्हा फोटो उमटेपर्यंत हलायची सोय नसे. मान डुलू नये म्हणून काही स्टुडिओवाले डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. मानेला लोखंड टेकलेलं असताना हसणार कोण?

मागे उभ्या बायकांचं मात्र काका भरभर उरकतात. "ह्या आपल्या घरातल्या." पणजोबांच्या तपकिरीच्या डबीचा इतिहास त्यांना पाठ, पण ही नऊवारीतली, कडेवर पोर घेतलेली कोण, असं विचारलं की पान उलटतं. त्या पोराचं नाव मात्र ठाऊक असतं. ते पुढे मामलेदार झालं.

परवा साखरपुड्यात घोटाळा झाला. मुलाकडचेही एक फोटोवाले काका निघाले. दोघांनी मांडीला मांडी लावून अल्बम उघडले. आमचे पणजोबा जरीच्या पगडीत, लांब कोटात, हाती चांदीच्या मुठीची काठी, मागे पडद्यावर रंगवलेला महाल. त्यांचे पणजोबा तीच पगडी, तीच काठी, तोच महाल, आणि महालाच्या खिडकीला तेच ठिगळ. कोटही तोच, फक्त त्यांच्या पोटावर बटणं लागली नव्हती. स्टुडिओत असे कपडे खुंटीला टांगलेले असत, हे बाकी सगळ्यांच्या लक्षात आलं.

आमचे काका खाकरले. "बघा, केवढा जुना घरोबा! आमच्या पणजोबांनी तुमच्या पणजोबांना कोट दिला होता."

"दिला?" पलीकडचे काका चष्मा पुसत म्हणाले. "आमचा तुम्ही नेलात. अजून परत आलेला नाही."