थंडीच्या नावानं चांगभलं

पौषातल्या पहाटे जुना ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर पंचनाम्याआधीच आरोपी ठरलेला असतो: थंडी. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी आदल्या दिवशी छापून आलेली असते, त्यामुळे पुरावाही तयारच असतो. ट्रॅक्टरभोवती जमलेल्यांपैकी एक जण "गारठलाय बिचारा" म्हणतो, दुसरा "ऊन येऊ द्या जरा" म्हणतो, आणि तिसरा, ज्याच्या घरात तीन पिढ्यांत कधी ट्रॅक्टर नव्हता, तो अजून एकदा सेल्फ मारायला सांगतो. नऊ-साडेनऊला ऊन चढतं, ट्रॅक्टर गावभर धूर सोडत एकदाचा सुरू होतो, आणि थंडीवरचा गुन्हा शाबीत झाला असं सगळेच धरून चालतात. माझं म्हणणं असं, की या खटल्यात थंडी निर्दोष आहे. ती फार तर साक्षीदार. खरे गुन्हेगार पावसाळ्यापासून बॉनेटखालीच मुक्काम ठोकून असतात आणि मालकाची त्यांच्याशी चांगली तोंडओळख असते.

आधी गणित. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याची सगळी करामत हवा दाबण्यात होती, आणि आपल्या बांधावरच्या इंजिनातही तीच आहे. सिलिंडरभर हवा घ्यायची, सतराव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबायची, ती तापून लाल झाली की तिच्यावर नोझलमधून डिझेलचा फवारा सोडायचा. बाहेर 30 अंश असताना ही हवा इतकी दाबली, तर कागदावर तिचं तापमान साडेसहाशेच्या वर जातं. बाहेर 5 अंश असतील तर तेच गणित 590 च्या आसपास येतं. डिझेल सव्वादोनशेच्या सुमारास आपोआप पेटू शकतं. इंजिनात त्याने क्षणार्धात पेटावं अशी अपेक्षा असल्याने त्याहून बरंच जास्त लागतं, पण 590 मध्ये तेही आरामात बसतं. म्हणजे निफाडची ती कुप्रसिद्ध थंडी आत जाऊन फार तर पंचाहत्तर-ऐंशी अंशांची चोरी करते. भुरटी चोरी आहे ही. दरोडा दुसराच कोणीतरी घालतो.

कागदावरचं इंजिन गळत नाही आणि दमतही नाही, सगळी गोम तिथे आहे. खऱ्या इंजिनात हवा दाबली जात असताना तिची उष्णता थंड लायनर शोषून घेतो आणि खुद्द हवाच रिंगांच्या बाजूने खाली पळते. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो. तो वेळ द्यायचा नसेल तर इंजिन झपाट्याने फिरलं पाहिजे. सेल्फने मिनिटाला शे-दीडशे फेरे दिले तर हवा पळायच्या आत पेट होतो. सेल्फ "घर्र... घर्र..." करत मध्ये चहाला थांबल्यासारखा फिरला, तर 590 अंश फक्त वहीत उरतात. आणि सेल्फ असा का फिरतो? कारण 12 व्होल्टची ती बॅटरी, जी पूर्ण भरल्यावर 12.6 दाखवते, ती महिनोन्‌महिने 12 च्या खाली झोपलेली असते. कारण टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा आलेला असतो आणि तो मालकाला इतका सवयीचा झालेला असतो, की कंपनीनेच तो तसा बसवून दिला असावा असं त्याला वाटतं. कारण अर्थिंगची पट्टी चासीवर जिथे बसवली आहे तिथे गंज, त्यावर रंग आणि त्यावर चिखल असे तीन थर आहेत, आणि वीज या तिन्हींपैकी एकाशीही बोलत नाही. कारण इंजिनातल्या ऑईलची ज्येष्ठता मोजायची तर सालगड्याच्या करारावरून मोजावी लागेल. पाच अंशांना चांगल्या बॅटरीची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटत नाही. उरलेली पाऊण ताकद कुठे गेली, हे थंडीला विचारून उपयोग नाही.

इंजिन स्वतः मात्र जबानी द्यायला तयार असतं, फक्त ती धुराच्या भाषेत असते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. उष्णता कमी पडते, म्हणजे बॅटरी, हीटर, टॅपेट, रिंगा यांच्याकडे बघा. धूरच येत नसेल, तर डिझेल पोचतच नाही. पंपाने एअर घेतली असेल, किंवा फिल्टरच्या तळाशी पाणी बसलं असेल. दुसऱ्या प्रकारात बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारणं म्हणजे निव्वळ व्यायाम, तोही बॅटरीचा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळायचा: पान जमवून तंबाखू मळण्याइतका वेळ लागतो. पण हे करायला खाली वाकावं लागतं, आणि भोवती माणसं जमलेली असताना सीटवर बसून चावी फिरवण्यात जो रुबाब आहे तो वाकण्यात नाही.

आता थंडीच्या विरोधातल्या वकिलांचे मुद्दे. पहिला मुद्दा: थंडीत डिझेल थिजतं. थिजतं हे खरं, त्यात मेण असतं. पण भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात विकायच्या डिझेलचा थिजणबिंदू 3 अंशांच्या वर चालत नाही. उन्हाळी डिझेलला 15 पर्यंत मुभा आहे. त्यामुळे मे महिन्यात भाव वाढायच्या भीतीने कॅन भरून ठेवलेलं डिझेल डिसेंबरात टाकीत ओतणाऱ्याने थंडीवर जरूर फिर्याद करावी, पण सोबत स्वतःचंही नाव द्यावं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: कंपनीनेच हीटर दिलाय, म्हणजे थंडीचा गुन्हा कंपनीलाही मान्य आहे. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने आणलेला बी-275 घ्या. त्याच्या इंजिनात डिझेलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये न जाता बाजूच्या छोट्या कोठडीत जातो. कोठडीच्या भिंती जास्त, म्हणून उष्णता खाणाऱ्याही जास्त. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. बरोबर. पण याचा अर्थ हीटर हा थंडीवरचा उतारा नसून इंजिनाचाच अवयव आहे, आणि तो जळाला तर इंजिन अपंग आहे. ते चार प्लग एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक जळाला की चौघेही थंड. चार चाकांपैकी एक काढून ठेवून कुणी रस्त्याला दोष देत नाही, प्लगच्या बाबतीत मात्र देतात.

तिसरा मुद्दा म्हणजे इंजिन जुनं आहे, रिंगा झिजल्यात, मग काय करणार. हे मी मान्य करतो. झिजलेल्या इंजिनाला खरोखरच थंडी जास्त लागते. पण मान्य केल्यावर कबुलीजबाब आपोआपच फिरतो: दोष झिजेचा ठरला. आणि झीज वयाने होते त्यापेक्षा एअर क्लीनरमधल्या वाटीत तेलाऐवजी मातीचा लाडू साठल्याने जास्त लवकर होते. पासष्ट-सत्तर सालचे ट्रॅक्टर आजही पहाटे दुसऱ्या फेऱ्याला सुरू होणारे आहेत. त्यांच्याकडे काही वेगळी थंडी पडत नाही.

मग उपाय म्हणून जुगाड. हवेच्या पाइपाच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा, ही आपली राष्ट्रीय पद्धत. परदेशी मंडळीही यात मागे नव्हती: इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला सिलिंडरच्या डोक्यात धुमसता कागद खुपसून बंदुकीच्या काडतुसासारखं काडतूस ठोकून सुरू करत, आणि जर्मनीचा लान्झ बुलडॉग सुरू करायला त्याचं डोकं ब्लोलॅम्पने तापवून स्टिअरिंगच काढून बाजूला खुपसून फिरवावं लागे. पण ती त्या यंत्रांची ठरलेली रीत होती; त्यांच्या माहितीपुस्तकात ती छापलेली होती. आपला बोळा कुठल्याच पुस्तकात नाही. ईथरचा फवारा तर त्याहून वाईट: तो डिझेलच्या आधी, नको त्या वेळी पेटतो, पिस्टन आणि रिंगांवर घाव घालतो, आणि हीटर तापलेला असताना मारला तर पाइपातच भडका. झिजलेल्या इंजिनाला आणखी झिजवून सुरू करण्याचा हा मार्ग आहे. राहिला उतार. ट्रॅक्टर रात्री उतारावर लावून चाकाखाली दगड ठेवायचा, सकाळी दगड काढायचा. स्वस्त, शांत, आणि बॅटरीची आठवण कायमची पुसून टाकणारा उपाय. फक्त ट्रॅक्टर दुपारी सपाट वावराच्या मधोमध बंद पडेपर्यंतच तो चालतो.

शेवटचा आक्षेप: एवढं करायला शेतकऱ्याला वेळ आणि पैसा कुठे आहे? पैशाचं म्हणाल तर फुलोरा गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावायला येणारा खर्च एका हाराहून कमी आहे. आणि वेळ पंचांगातच ठरलेला आहे. थंडी पडायच्या थोडं आधी दसरा येतो, त्या दिवशी ट्रॅक्टर घासून धुतला जातो, बॉनेटवर स्वस्तिक काढलं जातं, झेंडूची माळ चढते. बॉनेटपर्यंत हात पोचलेलाच असतो; तेवढ्यातच ते उघडायचं, अर्थिंगचा नट काढून घासायचा, फिल्टरमधलं पाणी सोडायचं, ऑईल बदलायचं आणि मग नारळ फोडायचा. क्रम उलटा झाला तर नारळाचं पाणी टर्मिनलवर उडतं, आणि तो फुलोरा पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकतो.