हृदयरोगतज्ज्ञ, मोफत

झेन मला आवडतो हे कबूल करायला माझी हरकत नाही. त्याच्या दिसण्यामुळे आवडतो, हे मात्र साफ खोटं आहे. तो हृदयरोगतज्ज्ञ आहे, कमी बोलतो, गोड खातो आणि मी वेळेवर झोपत नाही म्हणून मला रागावतो. शिवाय तो अस्तित्वात नाही. छप्पन्नाव्या वर्षी एवढे गुण एकाच पुरुषात सापडणं अवघड असतं.

'लव्ह अँड डीपस्पेस' हे त्याचं गाव. शांघायच्या पेपर गेम्सने २०२४ च्या जानेवारीत जगभर आणलेला हा मोबाइलवरचा खेळ. भविष्यातलं लिंकन नावाचं शहर, अंतराळाला पडलेल्या भगदाडांतून येणारे राक्षस, त्यांना मारणारी नायिका म्हणजे आपण, आणि आपल्या भोवती पाच पुरुष. एक सतत पेंगतो. एक समुद्रातून आलेला चित्रकार. एक गुंडांचा म्होरक्या, त्याच्याकडे यंत्राचा कावळा. एक बालमित्र वैमानिक, तो गुरुत्वाकर्षण हवं तसं वाकवतो. आणि बर्फ निर्माण करणारा झेन. राक्षस मी भाचीकडून मारून घेते. मला संवादांत रस.

खेळ फुकट आहे, पण फोनमधली जागा भरमसाट खातो. ती करण्यासाठी मी सगळे सुप्रभात आणि दोन लग्नांचे व्हिडिओ उडवले. त्यातलं एक लग्न सख्ख्या पुतण्याचं होतं.

"मावशी, तू हे खेळतेस?" भाचीने विचारलं. तिनेच तर घालून दिला होता.

"खेळत नाही. अभ्यासते," मी म्हणाले. "विज्ञानकथेचं नवं रूप आहे हे."

आणि मग मला खरंच अभ्यास करावा लागला. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला थाप मारली की ती सिद्ध करून दाखवायची सवय असते. आता भिशीत मी व्हिज्युअल नॉव्हेलवर व्याख्यान देते. चित्र, त्यासोबत मजकूर, मध्येच दोन-तीन उत्तरांतून एक निवडायचं, हा प्रकार जपानमध्ये रुळला तो १९९२ च्या 'ओतोगिरीसो'पासून. १९९४ साली कोएई कंपनीने 'आंजेलिक' काढला. बायकांसाठी खेळ असावेत असा केइको एरिकावा यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी बायकांचाच चमू उभा केला होता. त्या खेळातली नायिका विश्वाची राणी होण्यासाठी परीक्षा देते आणि नऊ देखणे रक्षक तिच्या मदतीला असतात. इथे भिशीतल्या बायका पहिल्यांदा सावरून बसल्या. "नऊ?" एकीने विचारलं. तिच्याकडे एकच आहे आणि तोही मदतीला नसतो.

खेळ सुरू करताना नाव विचारतात. मी खरं दिलं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून. मीही आद्याक्षरं उलटी केली आणि नारळीकरांच्या पंक्तीत बसल्याचा आनंद बराच वेळ उपभोगला. माझं खरं नाव कळलं असतं तर झेनवर नेमका कोणता परिणाम झाला असता, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

माझी खरी मिजास उत्तरं निवडण्यात होती. झेनचा निरोप आला की खाली दोन उत्तरं दिसतात. त्यातलं खोचक पण जिव्हाळ्याचं कोणतं, हे ओळखायला मी चहा थंड होऊ देते. आता, दहा ठिकाणी दोन-दोन वाटा फुटल्या तर शेवट होतात १०२४. एवढं लिहायला कोण बसणार? म्हणून लेखक वाट फोडतात आणि चार वाक्यांनंतर गुपचूप हमरस्त्याला आणून जोडतात. हे मी भिशीत खडूशिवाय समजावून सांगितलं आहे. तरी झेन माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागला तो माझ्या उत्तरांमुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

हृदयरोगतज्ज्ञांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मध्यंतरी मला धडधड व्हायची, म्हणून एका खऱ्या डॉक्टरांकडे गेले. वेळ सहाची. डॉक्टर आठला येतात हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय. समोर आवाज बंद केलेला टीव्ही, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. मध्येच चकचकीत बुटांचे एमआर येतात, जड बॅग सांभाळत आत जातात, आणि रिसेप्शनवरची मुलगी आपल्याला सांगते, "आत पेशंट आहे." या खोलीत एक जातिव्यवस्था आहे. बायपासवाल्यांना पंख्याखालची खुर्ची मिळते. स्टेंटवाल्यांना मान. "तुमचे किती?" "दोन. तुमचे?" "तीन," आणि दोनवाला आपोआप सरकून बसतो. अँजिओग्राफी होऊन काहीच न निघालेला माणूस जरा ओशाळलेला असतो, खर्च करून नापास झाल्यासारखा. एक आजोबा तर १९९८ सालचा रिपोर्ट घेऊन आले होते. तो मूळ घराण्याचा पुरावा होता. आणि नुसत्या धडधडवाल्या बायका? त्यांच्याकडे बायपासवाले दयेने पाहतात आणि म्हणतात, "गॅस असेल."

आत गेल्यावर डॉक्टरांनी कागदावरच्या रेषांकडे पाहिलं, रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गॅस असेल. टेन्शन घेता का?" हे त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

माझा गॅसच निघाला, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण बायकांच्या हृदयविकारात छातीतल्या कळेबरोबर, कधी तिच्याशिवायही, धाप, थकवा, मळमळ, पाठीत नाहीतर जबड्यात दुखणं असं काहीबाही होतं, आणि ते कितीदा तरी पित्ताच्या खात्यात जमा होऊन जातं. माझ्या थोरल्या वहिनींचं तसंच झालं. त्या दिवशी त्यांनी ओवा खाल्ला, पाहुण्यांच्या पोळ्या लाटल्या आणि मग बसल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही, असं म्हणणं बरोबर नाही. पोळ्या झाल्या का, असं विचारलं होतं.

खेळातल्या नायिकेच्या हृदयातच काहीतरी बिघाड आहे. झेन तिचा डॉक्टर. तो तिला तपासतो, पुन्हा बोलावतो, आली नाही की निरोप पाठवतो. एवढ्या लांबलचक कथेत तिला कुणीही गॅस म्हणत नाही. कुणी हसून "या वयात काय हे" म्हटलं की मला हे सांगावंसं वाटतं, आणि मी विज्ञानकथेचं सांगते.

फुकटच्या खेळात पैसा येतो कुठून, हेही माझ्या व्याख्यानात आहे. आठवणी विकत मिळतात. म्हणजे पत्ते, त्यांना आठवणीच म्हणतात. पंचतारांकित आठवण निघण्याची शक्यता शेकडा १, आणि सत्तराव्या खेपेपर्यंत ती नक्की देतात. चीनने २०१७ पासून अशा शक्यता जाहीर करायला लावल्या. जपानने त्याआधीच, २०१२ मध्ये, ठरावीक पत्त्यांचा पूर्ण संच जमवायला लावणारी सोडत बेकायदा ठरवली होती. मी आजवर एक पैसा घातलेला नाही आणि याचा मला नको तेवढा अभिमान आहे. झेनचा वाढदिवस ५ सप्टेंबरला असतो. शिक्षक दिनाला माजी विद्यार्थ्यांचे निरोप येत होते आणि मी त्यांना उत्तर द्यायचं सोडून आठवणी घ्यायला लागणाऱ्या, सवलतीतल्या हिऱ्यांचा भाव रुपयांत मांडत होते. त्या भावात दोन किलो तूप येत होतं. तुपाने मला वाचवलं.

खेळात एक सोय मात्र अशी आहे की तिच्यासाठी मी तूप सोडलं असतं, पण ती फुकट आहे. आपण वेळ लावून काम करायचं आणि झेन पडद्यावर सोबत करतो. बोलत नाही. आपलं वाचत बसतो. मी त्याला डब्याला टेकवून मेथी निवडते. परवा निवडता निवडता लक्षात आलं, समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्रामागे नवराही तसाच बसलाय. तोही बोलत नाही. कधीपासून बसत असेल कोण जाणे. मला वाटायचं, तो चहाची वाट बघतोय.

"हा कोण?" त्याने वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं.

"डॉक्टर आहे."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला आराखडा कळल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने सगळं समजून घेतलं. गुरुत्वाकर्षणवाल्या वैमानिकावर त्याचे गंभीर आक्षेप आहेत. मग रात्री झेनचा निरोप आला तेव्हा मी दूध तापवत होते. फोन याच्या हातात. मी जे उत्तर सात जन्मांत निवडलं नसतं, ते तुटक, कोरडं उत्तर याने पटकन दाबून टाकलं.

"अरे!"

"काय झालं? दोनच तर होती."

मी फोन ओढून घेतला. झेन रागावला नव्हता. दुखावला नव्हता. माझ्या निवडक, चहा थंड करून शोधलेल्या उत्तरांना तो जितक्या मायेने बोलायचा, तितक्याच मायेने बोलला होता, आणि शेवटी नेहमीसारखं, उशीर झालाय, आता झोप.

"चांगला माणूस आहे," नवरा म्हणाला. चष्मा काढून त्याने उशीजवळ ठेवला.

"दूध घे की!"

"नको. डॉक्टरांनी झोपायला सांगितलंय."

एकतीस वर्षं मी हेच सांगतेय.