आकडा उतरला, पोरगा तोच

कराडात पोट हा खाजगी विषय नाही. प्रीतिसंगमाच्या बागेत बाकावर टेकलात की ओळखीपाळखीतली चार माणसं आधी त्याचीच चौकशी करतात. आमच्या शेजारचा सात वर्षांचा पोरगा स्वमग्न, त्यात बद्धकोष्ठाचा जुना त्रास. म्हणजे सल्लागारांना पर्वणीच. कुणी म्हणतं दूध बंद करा, कुणी गहू. एका आजींनी तर कृष्णाकाठच्या वांग्यावर संशय घेतला. पोरगा वांग्याकडे ढुंकूनही बघत नाही! तो पोह्यांतली मोहरी एकेक करून वेचतो, ताटाच्या कडेला रांगेत लावतो आणि मगच पहिला घास घेतो. तोवर पोहे गार.

गंमत म्हणजे, पोटावर रोख धरणारे अगदीच चुकीचे नाहीत. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. आतड्याची हालचालही त्यावर बरीच अवलंबून. रक्तातल्या प्लेटलेट्सना ते बनवता येत नाही. त्या आतड्यापाशी भरून घेतात आणि गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांसारख्या अंगभर डुलत फिरतात. मेंदूच्या नाक्यावर मात्र हा माल आत सोडत नाहीत. मेंदू आपलं सेरोटोनिन घरीच करतो.

१९६१ साली शेन आणि फ्रीडमन यांना काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन जास्त आढळलं. नंतर अनेकांनी मोजलं. साधारण चारांतल्या एकाला तरी ते जास्त निघतं. माल जास्त पिकतो की ट्रॉल्याच जास्त भरतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ऐंशीच्या दशकात फेनफ्लुरामिन नावाचं भूक मारणारं औषध देऊन हा आकडा खाली आणून पाहिला. आकडा आज्ञाधारकपणे उतरला. सुरुवातीला मोठी आशा वाटली, पण नीट चाचण्या झाल्यावर पोरं होती तशीच. पुढे हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ साली ते अमेरिकेच्या बाजारातूनच गेलं.

म्हणून मला पोराच्या आईचा हिशेब पटतो. पोट दुखलं तर तो सांगत नाही, भिंतीवर डोकं आपटतो. ते थांबावं एवढ्यासाठी ती डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध रोज नेमानं देते. मोहरीची रांग मोडायला नव्हे.

परवा मंडईत त्याच आजींनी तिला गाठलं. "औषधानं फरक पडला का गं पोराला?"

"पडला की. सकाळी झालं त्याला."

"मग बरंय," म्हणत आजी गवारीच्या भावाकडे वळल्या.