डिशवॉशर घेऊन दिलेल्या समस्त गृहस्थांस

सा. न. वि. वि.

प्रथम आपलं अभिनंदन. ‘डिशवॉशर घेऊन टाकला, आता हिला काही कामच उरलं नाही’ हे वाक्य आपण मित्रांत, लग्नाच्या पंगतीत आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणसालासुद्धा ऐकवलेलं आहे. खरेदीआधी आपण जो अभ्यास केलात, त्यालाही तोड नाही. बारा जणांच्या भांड्यांचा घ्यावा की चौदा, आवाज किती डेसिबल, पाणी किती लिटर, सगळं एक्सेलमध्ये मांडून झालं होतं. त्यात एकच रकाना राहून गेला. यंत्र कोण धुणार?

‘म्हणजे काय? ते स्वतःच धुतं की!’ असं आपण म्हणाल याची खात्री असल्यामुळेच हा पत्रप्रपंच.

आपण खालचा रॅक पूर्ण बाहेर काढून आत कधी डोकावला आहात का? तळाशी मधोमध एक गोल जाळीदार नळकांडं बसवलेलं असतं. ते डावीकडे फिरवून वर उचलायचं. हा फिल्टर. आपण रविवारी हौसेने केलेल्या मिसळीनंतर तो उचललात तर जास्त बरं, कारण मग त्यात काय काय आहे ते आपल्यालाच ओळखू येईल. फुगलेली मटकी, मोहरी, सुरळी झालेली टोमॅटोची सालं, जाळीला आडवं चिकटलेलं कढीपत्त्याचं पान, आणि नव्या वाटीवरचं किमतीचं लेबल, जे काढायला आपल्याला वेळ झाला नव्हता. या सगळ्यावर गोठलेल्या तेलातुपाचा पिवळट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर. मागे आपण ‘सिंकमधून घाण वास येतोय, प्लंबरला बोलवू या’ म्हणाला होता ना? सिंक निर्दोष होतं.

आता थोडं तांत्रिक, आपल्याला आवडतं तसं. यंत्र दर मिनिटाला नवं पाणी घेत नाही. तळाशी साठलेलं तेच पाणी फिल्टरमधून गाळून, पंपाने पुन्हा पुन्हा वर फेकत राहतं. म्हणूनच ते इतक्या कमी पाण्यात भागवतं आणि आपण त्या आकड्याची फुशारकी मारू शकता. पण जाळी तुंबली की भांड्यांना पाण्याऐवजी मिसळीच्या कटाची अंघोळ घडते. ग्लासांवर कण दिसल्यावर आपण तावातावाने कंपनीला फोन लावलात. तंत्रज्ञ आला, त्याने फिल्टर उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे नाही, माझ्याकडे.

फिल्टर नळाखाली धरून जुन्या मऊ टूथब्रशने घासायचा असतो. तारेची घासणी लावायची नाही, जाळी फाटते. मग वर गरगर फिरणारे ते दोन पंखे काढायचे. त्यांच्या भोकांत जिरं असं नेमकं जाऊन बसतं, की मापं घेऊन केल्यासारखं. ते टूथपिकने एकेक काढावं लागतं. आपण जेवण झाल्यावर टूथपिक घेऊन सोफ्यावर बसता, तेव्हा तिचा हा दुसरा उपयोग सुचवावासा वाटतो.

दाराची खालची कड तर यंत्राला दिसतच नाही. तिथे फवारा पोचत नाही, त्यामुळे सगळा राडा रबराच्या घडीत जाऊन बसतो. ‘गरम पाण्यात काय जगणार?’ हा आपला प्रश्न स्लोव्हेनियातल्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यांनी निरनिराळ्या देशांतले १८९ घरगुती डिशवॉशर तपासले आणि २०११ साली निष्कर्ष छापले. ६२ टक्के यंत्रांच्या दाराच्या रबरावर बुरशी सापडली. उष्णता, खार, साबण, सगळं पचवून बसलेली. म्हणून ओल्या फडक्याने रबराची घडी उलगडून पुसायची. एवढंच काम आहे, पण त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. आपले गुडघे नाजूक.

भिंतींवरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले क्षार. त्यावर ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल चालतं. रिकाम्या यंत्रात टाकून सर्वांत गरम प्रोग्राम लावायचा. रिकाम्या! ‘चालूच आहे तर या दोन कढया पण जाऊ दे’ हा आपला काटकसरीपणा तेवढ्यापुरता आवरावा. आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवरच्या त्या ‘व्हिनेगर अधिक ब्लीच’ नुस्ख्याबद्दल: ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. फॉरवर्ड करणाऱ्याला आधी त्याच्या घरी करू द्यावं.

एक गोष्ट इतिहासातली. चालेल असं पहिलं भांडी धुण्याचं यंत्र केलं ते जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईने. १८८६ साली पेटंट मिळालं, १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं, पण घरांत काही खपेना. गिऱ्हाइकं मिळाली ती मुख्यतः हॉटेलं. हॉटेलात यंत्र साफ करायला पगारी माणूस ठेवतात, त्याला नाव असतं, हजेरी असते. घरात त्या माणसाला ‘आता काही कामच उरलं नाही’ म्हणतात.

तरी आपणास नम्र विनंती, की येत्या रविवारी हे खातं आपण स्वतःकडे घ्यावं. तक्ता करायचाच असेल तर जरूर करावा. त्यात तारीख, फिल्टर, पंखे, रबर असे रकाने पाडावेत आणि सही कोणाची ते बघावं.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
जाळीवाली

ता. क. मिठाचा दिवा लागला आहे. ‘मीठ ते मीठ’ म्हणून स्वयंपाकघरातला डबा ओतू नये. त्यातल्या, मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थांनी पाणी मऊ करणारी यंत्रणा बिघडू शकते. डिशवॉशरचं जाड मीठ वेगळं मिळतं. कुठे मिळतं ते आपल्या एक्सेलमध्ये असेलच.