रस्ता मोकळा, चौकशी भरपूर

पुण्यात सायकल चालवणाऱ्या माणसाला स्वर्ग कसा असेल विचारा. तो अप्सरांचं नावही काढणार नाही. मागून बस येत नाही असा रस्ता, एवढंच तो सांगेल. मीही त्याच पंथातला. त्या स्वर्गाची तयारी म्हणून मी ग्रॅव्हल बाईक घेतली. शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, डिस्क ब्रेक आणि चाळीस मिलिमीटर रुंदीचे दातेरी टायर. डांबर संपलं तरी हिचा रस्ता संपत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. किंमत इथे छापत नाही, कारण घरी मी वेगळी सांगितली आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. तिथे 2006 पासून शेताशिवारांतल्या कच्च्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची सायकल शर्यत होते. तिचं मुख्य अंतर दोनशे मैल. 2022 पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. हे सगळे व्हिडिओ मी रात्री जागून पाहिले. कॅन्ससचं तिकीट परवडणार नव्हतं. मग कपाटातून ‘बनगरवाडी’ कादंबरी काढली आणि तिच्यातला माणदेश नक्की केला. व्यंकटेश माडगूळकरांचा तो तरुण मास्तर माळ तुडवत पायी गेला होता. माझ्याकडे तर अकरा गिअर होते.

माणचा भूगोल मी घरीच पाठ केला. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. दुसऱ्या टोकाला माण. तिथे पाचशेच्या आसपास, तोही मनात आलं तर. ढगांतलं पाणी सह्याद्रीच काढून घेतो, पुढे पाठवतो तो नुसता वारा. यातलं पावसाचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. वाऱ्याचं महत्त्वाचं वाटलं नाही.

श्रावण सरत आला होता. मोटार दहिवडीत लावली, सायकल उतरवली. म्हसवडकडे जाणारा मोठा रस्ता टाळून, वाड्यावस्त्यांमधून मुरमाच्या वाटेनं राजेवाडीचा तलाव गाठायचा असा बेत होता. इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातून माणगंगेवर बांधलेला, सातारा आणि सांगलीच्या हद्दीवरचा हा तलाव. वाट अगदी व्हिडिओतल्यासारखी होती. एक चढ, एक उतार, दोन्ही बाजूंना कणसाला आलेली बाजरी, मधूनच मटकीचा हिरवा तुकडा, आणि नजर पोचेल तिथवर एकही चाक नाही. मी असा सुटलो की हातातल्या घड्याळानं माझ्या हृदयाचं अभिनंदन केलं. चढावरही दम लागेना. इतकी वर्षं आपण स्वतःला कमी लेखत आलो, असं वाटून जरा भरून आलं. लांब पठाराच्या कडेला पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. त्यांचे मी कौतुकानं फोटो काढले. एवढा पैसा ओतून त्या नेमक्या इथेच का उभ्या केल्या असतील, हा विचार मात्र शिवला नाही.

वाहनं नव्हती. माणसं होती.

“पावनं, कुटनं?” बांधावर बसलेल्या आजोबांनी विचारलं.

“पुण्याहून.”

“सायकलीवं?”

“नाही, मोटार दहिवडीत ठेवलीय.”

“मोटार असून सायकल मारताय? म्हंजी डागतरानं सांगितलं असंल.” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “साखर हाय?”

“नाही हो.”

“मग बीपी.”

हौस नावाचं कारण त्यांच्यापुढे टिकेना. शेवटी बीपीवर तडजोड केली. “जपून जावा,” म्हणत त्यांनी शेंगांची मूठ हातावर ठेवली.

पुढच्या वस्तीवर माझं हेल्मेट आणि काळा चष्मा पाहून एकानं विचारलं, “पवनचक्कीवालं का? जागा बघाय आलाय?” नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याच्या पुढच्या वस्तीवर एका मावशींनी खुरपं बाजूला ठेवून थेट मुद्द्याला हात घातला, “टेंभूचं पाणी आमच्या वस्तीपतूर कवा येनार, तेवडं सांगा.” कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देणारी ही योजना. मी म्हणालो, “मला खरंच माहीत नाही.” त्या म्हणाल्या, “सायबलोक समदं असंच म्हंत्यात.” मी साहेब नसल्याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नव्हता.

मग मोबाइलच्या नकाशानं मला एका पाणंदीत घातलं. दोन्हीकडे बांध, मध्ये गवत, वरती आभाळ. कॅन्ससला असं काय मिळणार, म्हणेपर्यंत पाणंद बाजरीत शिरून संपली. नकाशात रस्ता सरळ पुढे जात होता. शेताच्या कडेला एक गृहस्थ उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, “रस्ता हाय. पर शेजाऱ्यानं नांगारलाय. तहसीलदाराकडं केस चालू हाय.”

शेतरस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारापुढे दाद मागता येते. तो कायदा 1906 चा, आणि त्याला अजून काम कमी पडलेलं नाही. गृहस्थांनी माझा मोबाइल हातात घेतला, नकाशातली रेघ बोटांनी मोठी केली आणि त्यांचे डोळे चकाकले. “बघा! मोबाइलला दिसतंय, तहसीलदाराला दिसंना.” मग बाजरीत घुसलेली सायकल, मी आणि मोबाइल असा एकत्र फोटो निघाला. माझा नंबर घेतला गेला. तारीख लागली की साक्षीला यायचं ठरलं. रहदारी चुकवायला आलेला मी आता रस्त्याच्या खटल्यात वादीचा साक्षीदार होतो.

एवढ्यात दुपार कलली. तलाव सोडून दिला, सायकल खांद्यावर घेऊन पडीक रानातून वाटेवर आलो आणि तोंड दहिवडीकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळवलं. तेव्हा सकाळी आपल्याला पुढे कोण नेत होतं ते कळलं. पवनचक्क्यांचाही उलगडा झाला. तो वारा छातीवर हात ठेवून उभा होता. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. घड्याळानं अभिनंदन मागे घेतलं आणि विश्रांती सुचवली.

मागून घंटी वाजली. शाळेच्या गणवेशातली मुलगी, साधी सायकल, कॅरिअरवर मैत्रीण, मैत्रिणीच्या मांडीवर दोन दप्तरं. त्या गप्पा मारत मला मागे टाकून गेल्या. मनाची समजूत घातली, की हा तालुकाच ललिता बाबरचा. मोहीच्या या मुलीनं 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. 1984 मधल्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. अशा मातीत हरण्यात कमीपणा नाही. तेवढ्यात कॅरिअरवरची मागे वळून ओरडली, “काका, मागल्या चाकात हवा न्हाय!”

पडीक रानातले सराटे. कसेही पडोत, एक टोक वर असतंच. ट्यूबलेस टायरमध्ये एक पांढरं द्रव असतं. काटा टोचला की ते भोक बुजवतं. मात्र ते वाळतं, दर काही महिन्यांनी नवं भरावं लागतं, आणि मी ते भरणार होतो. उरलंसुरलं द्रव आता सराट्यांच्या कडेनं पिचकाऱ्या मारत होतं.

दिवाळीनंतर चराईला दूर गेलेली मेंढरं पावसाळ्यात गावच्या माळावर परतलेली असतात. त्यातलाच एक कळप वाट अडवून उभा राहिला. काठीवर हनुवटी टेकून मेंढक्यानं चाकाकडे पाहिलं. “दुबती हाय व्हय ही?”

मी काय बोलणार! पंप मोटारीत होता. गावातल्या पंक्चरवाल्याकडे नेलं असतं, पण या टायरचा वॉल्व्ह त्याच्या नळीला बसत नाही. मेंढक्यानं कोणाला तरी फोन लावला. थोड्या वेळानं धूळ उडवत छोटा हत्ती आला. मागे डाळिंबाचे रिकामे क्रेट. चालकानं खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, “पुन्याचं बीपीवालं तुमीच का?”

मी हो म्हणालो. सायकल क्रेटवर चढली, मी पुढे. दहिवडीपर्यंत चालकानं एक रुपया घेतला नाही. टेंभूचं पाणी, जागेचा भाव आणि बाजरीतली साक्ष यांची सगळी उत्तरं मात्र वसूल केली. त्याला सगळं आधीच माहीत होतं. तो फक्त पडताळून बघत होता.

माणला सायकल जरूर न्या, इतके मोकळे रस्ते सहज मिळत नाहीत. पावसाळी वारा वाहत असेल तर आधी पश्चिमेला जा आणि वारा पाठीशी घेऊन परता. टायरमधलं द्रव ताजं ठेवा, पंप सोबत ठेवा. आणि बांधावरून कोणी “कुटनं?” विचारलं, तर पुढे न जाता थांबून नीट उत्तर द्या. संध्याकाळी गाडी त्याच्याच ओळखीतून येते.