सबब

जिल्हा परिषदेत 31 वर्षं आवक-जावक टेबलावर काढल्यामुळे आमच्याकडे कुणालाही अर्ज लिहायचा झाला की तो माझ्या गळ्यात पडतो. परवा थेट अमेरिकेतून पडला. ताईचा मुलगा तिथे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

‘मामा, एक विषय सोडायचाय. मुदत टळून दोन आठवडे झाले. विनंती अर्ज करावा लागेल.’

विषय लिनिअर अल्जिब्रा. तिथे सत्राच्या सुरुवातीलाच विषय सोडला तर बहुतेक ठिकाणी मागमूसही राहत नाही. नंतर सोडला तर गुणपत्रकावर नुसता ‘डब्ल्यू’ येतो, आणि तो सरासरीत धरत नाहीत. मला हेवाच वाटला. आमच्या वेळी होती ती एटीकेटी. म्हणजे नापास झालात, तरी पुढच्या वर्गात बसा. मागचा विषय मांडीवर घेऊन. मी स्टॅटिस्टिक्सला दोन वर्षं मांडीवर घेऊन बसलो होतो.

पोराचा हिशेब पक्का होता. 15 क्रेडिटमधून 3 गेले, 12 उरले. परवानगीशिवाय 12च्या खाली गेलं की विद्यार्थी-व्हिसावर गदा. अडलं होतं कारणापाशी. मुदतीनंतर ‘झेपत नाही’ चालत नाही. आजारपण, अपघात, घरातला मृत्यू असं काही लागतं, तेही कागदानिशी.

मी मसुदा सांगू लागलो. ‘वरील विषयास अनुसरून... सबब...’

‘सबब म्हणजे?’

अर्जात सबब म्हणजे ‘म्हणून’. घरात सबब म्हणजे थाप. आता हे त्याला कसं सांगायचं?

‘पोटदुखी घालू का?’ मी सवयीनं विचारलं.

तो गप्प झाला. मग कॅमेऱ्यापुढे एक कागद धरला. सप्टेंबरातला, हॉस्पिटलचा. न्यूमोनिया, चार दिवस ॲडमिट. नंतर वर्गात काय चाललंय ते कळेना, आणि भरून काढू म्हणता म्हणता तारीख गेली.

‘अरे, सांगायचं नाही?’

‘आई दुसऱ्या दिवशी विमानात बसली असती.’

तेव्हा आठवलं. त्या आठवड्यात हा कॅमेरा बंद ठेवून बोलत होता. ‘इथे नेट स्लो आहे,’ म्हणाला होता.

अर्ज चार ओळींत झाला. 31 वर्षांत इतका खरा अर्ज लिहायची सवय नसल्यामुळे मधे मधे अडखळलो, एवढंच.

फोन ठेवतो तोच ताई चहा घेऊन आली. ‘दार लोटून एवढा वेळ काय चाललं होतं मामा-भाच्यांचं?’

‘काही नाही गं,’ मी म्हटलं, ‘नेट स्लो होतं.’