टाकाऊतून अंतराळ : नवशिक्या पालकांसाठी (चित्रांविना) मार्गदर्शिका

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चे विक्रम लँडर चंद्रावर उतरले. याचे दोन परिणाम झाले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद उतरणारा भारत हा पहिला देश ठरला. आणि २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन झाल्यामुळे २२ ऑगस्टच्या रात्री नऊच्या सुमारास शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश येऊ लागला : ‘उद्या प्रत्येकाने अंतराळ या विषयावर टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणावी. विकतची चालणार नाही.’

पहिल्या कामासाठी इस्रोला आधीच्या मोहिमेनंतर चार वर्षे मिळाली होती. दुसऱ्यासाठी पालकांना एक रात्र मिळते. प्रस्तुत मार्गदर्शिका अशा पालकांसाठी आहे. ‘नवशिके’ म्हणजे पालकच. मुलांना बहुतेक गोष्टी येत असतात.

पायरी पहिली : टाकाऊ वस्तू मिळवणे

हीच सर्वांत अवघड पायरी आहे, कारण मराठी घरात टाकाऊ असे काही नसते.

श्रीखंडाच्या डब्यात धणे-जिऱ्याची पूड असते. बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात सुया, दोरे आणि कुठल्या कपड्यांची ते कुणालाच न आठवणारी बटणे असतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, किलोवर जाण्याची वाट पाहत असतात. रद्दीला हात लावला तर तिचे वजन कमी होते. गेल्या वर्षीच्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद आहे आणि मागच्या बाजूला एक पाककृती आहे, जी आजी या वर्षी नक्की करणार आहेत.

इंग्रजी व्हिडिओ पाहून काम करू पाहणाऱ्यांची आणखी एक पंचाईत होते. त्यांतले प्रत्येक रॉकेट टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीपासून सुरू होते. आपल्याकडे त्या जागी मग असतो, आणि मगाचे रॉकेट होत नाही.

तेव्हा पुढील साहित्य जमवावे : अ‍ॅल्युमिनियम फॉइल संपल्यावर उरलेली नळी, औषधांची व टूथपेस्टची खोकी, घरपोच आलेल्या मालाचे तपकिरी खोके, बाटल्यांची झाकणे, मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद. शेवटची वस्तू गणपतीच्या मखरासाठी राखून ठेवलेली असते. ती मागताना आवाज नम्र असावा.

काही पालक या पायरीला कंटाळून स्टेशनरीच्या दुकानात जातात आणि कागदी पेल्यांचे कोरे पाकीट, नव्या स्ट्रॉ आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा विकत आणतात. म्हणजे टिकाऊ पैसे देऊन टाकाऊ वस्तू घेतात. ही पद्धत महाराष्ट्रात लोकप्रिय आहे. येथे तिची शिफारस करता येत नाही. थर्माकोलचे गोळे मागितले तर दुकानदार इकडेतिकडे पाहतो. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली, आणि पर्यावरणाच्या प्रकल्पासाठीही ती उठवलेली नाही.

पायरी दुसरी : रॉकेट

चांद्रयान-३ घेऊन गेलेले रॉकेट एलव्हीएम-३. उंची ४३.५ मीटर, उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ६४० टन. मधल्या गाभ्याचा व्यास ४ मीटर. म्हणजे उंची जाडीच्या साधारण अकरापट. फॉइलची नळी या मापाला फारशी चुकत नाही.

नळी उभी धरावी. तिच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या दोन नळ्या चिकटवाव्यात. जाडी मधलीपेक्षा किंचित कमी, उंची निम्म्याहून थोडी जास्त. हे घन इंधनाचे बूस्टर. मधल्या भागात द्रव इंधन असते. त्याच्या वर क्रायोजेनिक टप्पा, ज्यात अतिशीत द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. सर्वांत वर पुठ्ठ्याचा शंकू बसवावा. शंकू करण्यासाठी अर्धवर्तुळ कापून गुंडाळावे लागते. पूर्ण वर्तुळ कापून गुंडाळत बसलेल्या बाबांना ही माहिती हळूच द्यावी.

खालून धूर दाखवण्यासाठी कापूस लागतो. तो देवघरात, वातींच्या डब्यात असतो. तीनही नळ्यांना कापूस लावू नये. उड्डाणाच्या क्षणी फक्त बाजूचे दोन बूस्टर पेटतात. मधले इंजिन त्यानंतर जवळजवळ दोन मिनिटांनी, हवेत असताना सुरू होते. हे परीक्षकांना ठाऊक नसण्याची शक्यता आहे. पण वर्गात एक तरी मूल असे असते ज्याला ते ठाऊक असते, आणि ते बोलून दाखवते.

पायरी तिसरी : लँडर आणि रोव्हर

औषधाचे चौकोनी खोके घ्यावे. त्याला सोनेरी कागद गुंडाळावा. हा कागद केवळ शोभेचा नाही. यानांवर दिसणारे सोनेरी आवरण म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप दिलेल्या प्लास्टिकच्या पटलांचे अनेक थर; सोनेरी रंग बाहेरच्या पिवळसर पटलामुळे येतो. अंतराळात उन्हातली बाजू भाजते आणि सावलीतली गोठते, म्हणून यानाला हे पांघरूण लागते. मखराच्या कागदाची मागणी नाकारली गेली असल्यास हा परिच्छेद आजींना मोठ्याने वाचून दाखवावा.

लँडरला चार पाय लावावेत आणि ते मजबूत लावावेत. चांद्रयान-२ चे लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर आदळले. त्यानंतर इस्रोने पाय भक्कम केले, इंधन वाढवले आणि सेकंदाला दोनऐवजी तीन मीटर वेगाने टेकले तरी लँडर तगावे अशी रचना केली. ही चाचणी घरी करता येते. लँडर खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरवरून, खाली सोडावे. फरशीवर टेकताना त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास असतो. पाय मोडले तर पुन्हा लावावेत. पुन्हा मोडले तर ‘हे चांद्रयान-२ आहे’ असे सांगून वेळ मारून नेऊ नये.

प्रज्ञान रोव्हरला सहा चाके असतात. सहा सारखी झाकणे शोधावीत. पाचच सापडतात. सहावे झाकण ज्या बाटलीवर आहे ती भरलेली असते.

पायरी चौथी : ग्रहमाला

अतिमहत्त्वाकांक्षी पालक रॉकेट सोडून ग्रहमालेकडे वळतात. त्यांच्यासाठी खरे प्रमाण देत आहोत. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरू.

सूर्य : रद्दीचा लगदा करून १४ सेंटिमीटर व्यासाचा गोळा. बुध : रव्याचा कण. शुक्र आणि पृथ्वी : राजगिऱ्याचे दोन दाणे. मंगळ : खसखशीचा दाणा. गुरू : भिजवलेला काबुली चणा. शनी : त्याहून किंचित लहान चणा, कडे कागदाचे. युरेनस आणि नेपच्यून : मुगाचे दोन दाणे. आतापर्यंतचे सर्व साहित्य स्वयंपाकघरात मिळते, हा या पायरीचा मोठा फायदा.

अडचण मांडणीत आहे. याच प्रमाणात पृथ्वी सूर्यापासून १५ मीटरवर ठेवावी लागते, गुरू ७८ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर. म्हणजे सूर्य शाळेच्या सभागृहात ठेवला तर पृथ्वी व्हरांड्यात येते, गुरू मैदानाच्या टोकाला आणि नेपच्यून पुढच्या चौकातल्या वडापावच्या गाडीपाशी. जवळचा तारा दाखवायचा असल्यास चार हजार किलोमीटरवर जावे लागेल; त्यासाठी शाळेची परवानगी आणि पालकांचे पारपत्र लागते.

यावरून एक शास्त्रीय सत्य हाती येते : पुठ्ठ्यावर मावणारी प्रत्येक ग्रहमाला खोटी असते. शाळेला ती चालते. मात्र पृथ्वीचा राजगिरा मुलाच्या तळहातावर ठेवून त्याला पंधरा मीटर मागे चालायला जरूर लावावे. पूर्ण रंगवलेल्या नऊ गोळ्यांतून जे कळत नाही ते या चालण्यातून कळते. (सूर्य सोडून गोळे नऊ झाले असतील तर एक काढावा. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळण्यात आले.)

पायरी पाचवी : चंद्राची जमीन

जाळी धरलेले पीठ हे घरातले एकमेव निर्विवाद टाकाऊ साहित्य होय. ते चाळून, परातीत दोन-तीन इंच जाडीने पसरून वर हळदीचा पातळ थर द्यावा. आता वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या सोडाव्यात. खड्डा पडतो, त्याला कडा येते आणि आतले पांढरे पीठ हळदीवर किरणांसारखे उडते. चंद्रावरच्या तरुण विवरांभोवती असेच फटकारे दिसतात.

महाराष्ट्रातल्या मुलाला या वेळी एक गोष्ट सांगणे बंधनकारक आहे. असा खरा खड्डा आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. तो बेसॉल्ट खडकात पडलेला आहे. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. परातीतला खड्डा त्या मानाने लहान असला तरी फरशी, भिंत आणि फ्रिजची खालची बाजू यांवर त्याचा परिणाम मोठा होतो.

पायरी सहावी : वाळवणे

राष्ट्रीय अंतराळ दिन श्रावणाच्या आगेमागे येतो. या दिवसांत टॉवेल वाळत नाहीत, तेथे डिंक कुठून वाळणार? पुठ्ठा दमट होतो, रॉकेट वाकते. अशा वेळी ओला गोंद कमी वापरावा. खाचा पाडून भाग एकमेकांत अडकवावेत, नाहीतर सुतळीने बांधावेत. मैद्याची खळ लावू नये, तिला मुंग्या लागतात. रॉकेट रात्रभर फ्रिजच्या मागे उबेला ठेवावे. इस्त्रीचा प्रयोग झाकणे बसवण्याआधी करावा, नंतर नव्हे.

शंका-समाधान

शंका : टाकाऊ वस्तूंतून खरे विज्ञान कसे होणार?

समाधान : होते. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शंका : पण खरे अंतराळशास्त्रज्ञ असले काही करत नाहीत.

समाधान : तेच तर करतात. थुंबा येथे १९६३ साली पहिले रॉकेट उडाले तेव्हा कार्यालय एका चर्चमध्ये होते, आणि त्या काळात रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. १९८१ साली अ‍ॅपल उपग्रहाची चाचणी घेताना धातूच्या गाडीमुळे अँटेनाच्या मोजमापात अडथळा नको म्हणून तो बैलगाडीवर ठेवला होता. चांद्रयान-३ ने चांद्रयान-२ चे चंद्राभोवती फिरत असलेले जुने ऑर्बिटर संदेशांसाठी वापरून घेतले. आणि पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा, जो काम संपल्यावर निव्वळ कचरा म्हणून फिरत राहिला असता, तो २०२२ पासून ‘पोएम’ नावाने प्रयोगशाळा म्हणून वापरला जातो. २०२४ च्या अखेरीस गेलेल्या अशाच एका वापरलेल्या टप्प्यावर चवळीचे आठ दाणे ठेवले होते. चार दिवसांत त्यांना मोड आले. जगातल्या बड्या अंतराळसंस्थांना श्रीखंडाचा डबा न टाकणाऱ्या आजींचे तर्कशास्त्र उशिरा का होईना पटू लागले आहे.

शंका : मूल झोपले आहे. बाकीचे आम्हीच पूर्ण करावे का?

समाधान : नाही.

शंका : पण त्याचे रॉकेट वाकडे आहे.

समाधान : असू द्यावे. प्रदर्शनात दोन प्रकारची रॉकेटे येतात. एक प्रकार ताठ असतो, त्यावर छापील अक्षरांत नाव असते, आणि त्याच्या मालकाला ‘हा भाग कशाचा?’ असे विचारले की तो आईकडे बघतो. दुसरा प्रकार कलतो, त्याचा एक बूस्टर उलटा असतो, आणि त्याचा मालक न विचारता दहा मिनिटे बोलतो. अनुभवी शिक्षकांना दोन्ही दारातूनच ओळखू येतात. बक्षीस कधी कधी पहिल्याला मिळते. शिकलेला दुसरा असतो.

अंतिम सूचना

कात्री बोथट टोकाची असावी आणि ती मुलाच्या हातात असावी. पालकांनी सुतळी धरावी, विचारले तरच बोलावे, आणि पिठाची फरशी पुसावी. प्रदर्शन संपल्यावर सोनेरी कागद घडी करून ज्याचा त्याला परत करावा. गणपती जवळ आले आहेत.